नाव सांगा, तारीख द्या

परळच्या विभाग कार्यालयात मी रुजू झालो, त्याच दिवशी कुंदाताई घाडी यांची आणि माझी पहिली भेट झाली. ती भेट मुळीच प्रेमळ नव्हती. पालिकेच्या पाणी खात्यात दुय्यम अभियंता म्हणून मी नुकताच बदलून आलो होतो आणि नव्या खुर्चीवर बसून डोक्यावरचा पंखा नीट फिरतो का, ते पाहत होतो. तेवढ्यात कार्यालयाच्या हेडक्लार्क असलेल्या ताई एका वयस्क बाईंचा हात धरून माझ्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"ह्या शेवंताबाई, कॉटन ग्रीनहून आल्यात. यांची तक्रार आपल्याकडे निकाली निघाली आहे आणि यांच्या नळाला पाणी नाही. शेवंताबाई, हे दळवीसाहेब. विचारा यांना."

मी म्हणालो, "अहो बाई, मी आजच आलोय."

"म्हणून तर आणलं," ताई शांतपणे म्हणाल्या. "अजून तुम्हाला टाळाटाळीची सवय लागलेली नाही."

मला राग आला. तो मला लवकर येतो, हे या गौरवग्रंथाच्या बहुतेक वाचकांना ठाऊक आहेच. पण दुपारी मी चावीवाल्याला, म्हणजे रस्त्याखालच्या पाण्याच्या झडपा उघडबंद करणाऱ्या आमच्या माणसाला, सोबत घेऊन कॉटन ग्रीनला गेलो. गोदामांच्या मागच्या गल्लीत एक झडप अर्धवट उघडी राहिली होती. ती पूर्ण उघडली आणि संध्याकाळी शेवंताबाईंच्या नळाला पाणी आलं. दुसऱ्या दिवशी मी ऐटीत ताईंना ही बातमी दिली. त्यांनी विचारलं, "शेवंताबाई म्हणाल्या का, पाणी आलं म्हणून?" मी म्हणालो, "त्या कशाला म्हणायला हव्यात? मी स्वतः डोळ्यांनी पाहिलं." "मग तक्रार अजून चालू आहे," असं म्हणून ताई आपल्या कामाला लागल्या. मी मुकाट्याने पुन्हा कॉटन ग्रीनची वाट धरली.

ताईंच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात त्यांच्या सुधारणांविषयी अनेक जाणकार लिहितील. पालिकेचा कारभार कसा बदलावा, यावर निवृत्तीनंतर त्यांनी जो प्रस्ताव मांडला, त्याचं मूळ मला त्या पहिल्या दोन दिवसांतच दिसलं होतं, एवढंच मला सांगायचं आहे. प्रस्ताव तसा साधा. महिन्यातून एकदा विभागाच्या अधिकाऱ्यांनी लोकांच्या वस्तीत जाऊन उघड्यावर बैठक घ्यावी. जो काम अंगावर घेईल त्याने सर्वांसमोर स्वतःचं नाव सांगावं आणि तारीख द्यावी. आणि तक्रार बंद झाली असं म्हणण्याचा अधिकार कार्यालयाला नसावा, ज्याची तक्रार असेल त्यालाच असावा. हे ऐकायला सोपं वाटतं. पण ज्यांनी सरकारी टेबलामागे उमेदवारी केली आहे, त्यांना विचारा, यातल्या कुठल्या वाक्याने त्यांची झोप उडणार नाही!

ही कल्पना ताईंनी कुठल्या परिषदेतून आणलेली नाही. ती लालबागच्या त्यांच्या चाळीतली आहे. ताईंचे वडील मालवणकडून येऊन गिरणीत लागलेले. चाळीच्या गणेशोत्सव मंडळात प्रसादाचं काम त्यांच्याकडे असे. विसर्जनानंतर चाळीच्या अंगणात सगळ्यांची बैठक बसायची आणि ज्याच्याकडे जे काम होतं, त्याने उभं राहून उत्तर द्यायचं, ही तिथली रीत. एका वर्षी शिरा कमी पडला आणि मागच्या खोल्यांना प्रसाद मिळाला नाही. ताईंच्या वडिलांना भर बैठकीत उभं राहून, रवा कमी का घेतला, ते सांगावं लागलं. ताई तेव्हा शाळकरी होत्या आणि वडिलांची ती शोभा पाहून रडल्या होत्या. "पण बाबा घरी येऊन जेवले आणि म्हणाले, पुढच्या वर्षी मागच्या खोल्यांपासून वाटायला सुरुवात करायची," ताई सांगतात. "मला तेव्हापासून प्रश्न पडायचा, शिरा कमी पडला तर नाव घेऊन विचारतात, मग गटार तुंबलं तर विचारायला माणूसच का सापडत नाही?"

निवृत्त झाल्यावर ताई हा प्रश्न घेऊन किती कार्यालयांचे जिने चढल्या, याची गणती त्यांनी ठेवली नाही. गिरगावातल्या, दादरच्या नागरिक मंडळांपुढे त्या बोलल्या. नगरसेवकांना भेटल्या. सगळ्यांनी चहा पाजला आणि विषय चांगला आहे असं सांगितलं. विषय चांगला आहे म्हणजे काम होणार नाही, हे चाळीस वर्षं सरकारी फायली हाताळलेल्या ताईंना कळत नव्हतं असं नाही. पण त्या पुन्हा जात. अखेर आमच्या विभागाच्या सहायक आयुक्तांनी, म्हणजे बोलीभाषेतल्या वॉर्ड ऑफिसरांनी, एका विभागापुरता प्रयोग करायला परवानगी दिली.

पहिली बैठक ताईंच्याच चाळीच्या अंगणात ठरली आणि ती साफ फसली. फसली कशामुळे? तर सत्कारामुळे! मंडळाचे अध्यक्ष बाबी परब हे मनाने फार मोठे गृहस्थ. साहेब लोक आपल्या अंगणात येणार म्हटल्यावर त्यांनी मांडव घातला, खुर्च्यांना पांढरी कव्हरं चढवली, माइक लावला. मग प्रत्येक अधिकाऱ्याचा परिचय, शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. सत्काराला उत्तर. उत्तराबद्दल आभार. रस्ते खात्याचे अभियंते तर इतके भारावले, की आपल्या बालपणाबद्दल बोलत सुटले. सगळं आटोपलं तेव्हा बैठकीची वेळ संपली होती आणि एकही तक्रार कोणी मांडली नव्हती. आम्ही नारळ घेऊन घरी गेलो. माझ्या उभ्या नोकरीत इतकी सुखाची बैठक मी पाहिली नाही.

ताईंचा मात्र संताप संताप झाला. बाबी परब कळवळून म्हणाले, "पण ताय, पावणो दारात इलो तर नारळ देऊक नको?"

"तो पावणो नाय, बाबी," ताई म्हणाल्या. "कामाक इललो माणूस आसा. आणि ज्याक आत्ता शाल पांघरलास, त्याक गटाराचा कोण विचारतलो?"

त्या दिवसापासून नियम झाला. सत्कार करायचा तर काम झाल्यावर करायचा, आणि तोही ज्याचं काम झालं त्यानेच. पुढच्या बैठकीला मांडव नव्हता. लोक बसले आणि आम्ही उभे राहिलो. काय झालं ते विचारू नका. समोरच्या टॉवरमधली सूटबूटवाली मंडळी आणि चाळीतल्या मावश्या एका सुरात आमच्यावर तुटून पडल्या. "साहेब, ते टेक्निकल राहू दे, डेट द्या डेट," एवढंच ऐकू येत होतं. ज्या ताईंमुळे हे आमच्या वाट्याला आलं, त्या कोपऱ्यात बसून शांतपणे ऐकत होत्या. त्यांनी आमची बाजू घेतली नाही. बैठक संपल्यावर मात्र मला घरी नेलं, गरम घावणे वाढले आणि म्हणाल्या, "तिथे मी त्यांच्या बाजूची होते. आता तुमच्या बाजूची आहे. बोला, काय अडचण आहे?" मी तासभर बोललो. तसं मला कोणी नोकरीत विचारलंच नव्हतं.

या माणुसकीचे अनुभव अनेकांना आहेत. माझी आई परळच्या रुग्णालयात होती, तेव्हा ताई रोज सकाळी तिच्यासाठी पेज घेऊन यायच्या आणि आईशेजारी बसून देवापुढे घालतात ती मालवणी गाऱ्हाणी म्हणून दाखवून तिला हसवायच्या. मी मुकादमासारखा येरझाऱ्या घालत असायचो. त्याच सुमारास माझ्या एका कामाची तारीख हुकणार, हे दिसायला लागलं. झडपेचा सुटा भाग वेळेवर येत नव्हता. मी ताईंना म्हणालो, तुम्हीच लोकांना समजावून सांगा. त्यांनी साफ नकार दिला. "तारीख चुकली तर लोक समजून घेतात, दळवी. तोंड चुकवलं तर नाही घेत. आजच जा आणि त्यांच्या चाळीच्या गॅलरीत उभे राहून सांगा." मी गेलो. लोक बोलले, पण कोणी शिवी दिली नाही, आणि एकाने पाणीही विचारलं.

ताईंशी माझं सगळंच पटतं असं समजू नये. अधिकाऱ्यांचे मोबाइल नंबर नाक्यानाक्यावर फलकावर लिहावेत, या त्यांच्या सूचनेला मी आजही विरोध करतो आणि मरेपर्यंत करीन. हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलं आहे. त्यावर त्या हसतात आणि माझा नंबर परस्पर लोकांना देतात.

प्रयोग रुळावर येत होता आणि सहायक आयुक्तांची बदली झाली. नव्या आल्या त्या बाई हुशार, कडक आणि स्पष्ट बोलणाऱ्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला बोलावून सांगितलं, "दळवी, ही घाडीबाईंची बैठक आहे. त्यांचा दरारा आहे म्हणून लोक येतात आणि तुम्ही उत्तरं देता. त्या नसतील तेव्हा काय? एका माणसावर चालणाऱ्या गोष्टीला मी सुधारणा म्हणत नाही. पुढच्या बैठकीला मी येईन. तिथे मला जे दिसेल त्यावरून ठरवीन. एक तर सगळ्या विभागांसाठी शिफारस करीन, नाहीतर हे बंद करीन."

मी धावत ताईंकडे गेलो. इतक्या वर्षांची धडपड एका संध्याकाळवर येऊन टेकली होती. ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बाई बरोबर बोलतात. मी येत नाही." मी चक्रावलो. म्हणालो, ताई, तुम्ही नसलात तर पुन्हा मांडव घालतील, नारळ वाटतील, सगळं ओमफस्स होईल. त्यांचा चेहरा जरा उतरला. "होईल कदाचित," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मग ते बंदच व्हायला हवं." हे म्हणताना त्यांना किती जड गेलं, ते मी पाहिलं आहे. मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण त्यांना ते आवडत नाही म्हणून राहिलो.

बैठकीच्या दिवशी अंगण भरलं. नव्या सहायक आयुक्त कोणालाही न सांगता मागच्या बाकावर बसल्या. ताईंच्या नेहमीच्या कोपऱ्याकडे सगळे वळून वळून पाहत होते. बाबी परब उठले, घसा खाकरला, आणि मला वाटलं, आता परिचय सुरू होणार. पण ते एवढंच म्हणाले, "ताय आज नाहीत. मागच्या वेळची कामं आधी घेऊया. दळवीसाहेब, उठा." मी उठलो. नाव सांगितलं. तीन गल्ल्यांचं काम झालं होतं, एका गल्लीतल्या आजी म्हणाल्या, "नाय झाला, अजून बारीक धार येता," आणि ती तक्रार चालू राहिली. मग कचरा, मग रस्ता. एकाच वेळी चौघे बोलायला लागले, तेव्हा टॉवरमधल्या एका बाईंनीच त्यांना रांगेत उभं केलं. मागच्या बाकाकडे पाहून कोणीतरी ओरडलं, "ओ मॅडम, फूटपाथचं कोणीच घेत नाही. तुम्ही ऑफिसच्या दिसता. नाव सांगा, तारीख द्या!" अंगणात हशा पिकला. सहायक आयुक्त उठल्या, नाव सांगितलं आणि तारीख दिली.

बैठक संपत आली होती आणि जिन्यावरून ताई उतरल्या. लोक बाजूला सरून त्यांना पुढे येऊ देत होते. त्या पुढे आल्या नाहीत. रांगेच्या शेवटी उभ्या राहिल्या. त्यांची पाळी आली तेव्हा म्हणाल्या, "कुंदा घाडी, दुसरा मजला. आमच्या बाजूच्या खोल्यांना गेल्या पावसाळ्यापासून पाणी कमी दाबाने येतं. कोण बघणार?"

त्यांच्या घरी इतकी वर्षं मी चहा-घावणे घेतले, पण हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. बैठक आपण बोलावतो, तर आपलंच काम आधी झालं असं कोणी म्हणायला नको, म्हणून त्या गप्प राहिल्या होत्या. आता बैठक त्यांची राहिली नव्हती, ती सगळ्यांची झाली होती. म्हणून त्या बोलल्या. मी उभा राहून माझं नाव सांगितलं आणि तारीख दिली.

सहायक आयुक्तांनी शिफारस पाठवली. आणखी काही विभागांत बैठका सुरू झाल्या आहेत. संपूर्ण शहरासाठी नियम व्हायचा अजून बाकी आहे आणि वरच्या मजल्यांवर त्याला विरोधही भरपूर आहे. हा गौरवग्रंथ काढायलाही ताईंनी प्रथम नकारच दिला होता. तेव्हा बाबी परबांनी त्यांना कोंडीत पकडलं. म्हणाले, "ताय, काम झाला. ज्यांचा झाला तेच सत्कार करतत. तुझ्याच नियमात बसता." ताईंनी हार मानून होकार दिला. माझ्या माहितीतला हा एकमेव प्रसंग.

कुंदाताईंना भरपूर आणि ठणठणीत आयुष्य लाभो, अशी आम्हा सर्वांची प्रार्थना आहे. त्यांचे गुडघे साथ देवोत, घसा खणखणीत राहो. दुसऱ्या मजल्यावर पाणी आता पुरेशा दाबाने येतं. मी दिलेल्या तारखेला ते आलं. त्यानंतरच्या बैठकीत मी उठून विचारलं, "घाडीबाई, तक्रार बंद करायची का?" ताई म्हणाल्या, "पावसाळा एक जाऊ दे, मग सांगते." आणि बाबी परबांनी पुढचं नाव पुकारलं.