कबनुरात राहण्याचा परवाना

आम्ही इथिओपिया सोडला त्या सकाळी माझ्या बायकोच्या, आल्माझच्या आईनं कॉफीचे दाणे धुतले, तव्यावर भाजले, कुटले आणि मातीच्या लांब मानेच्या सुरईत कॉफी निखाऱ्यांवर ठेवली. इथिओपियात माणसांना कॉफी तीनदा देतात. पहिली कडक, दुसरी मध्यम, तिसरी अगदी फिकी. ती तिसरी आशीर्वादाची. ती घेतल्याशिवाय उठायचं नाही आणि ती घेतली की मग निघायचं. आमची बस नऊची होती. आठ वाजून गेले तरी म्हातारी दुसऱ्याच फेरीला रेंगाळत होती. निखारे फुंकत होती, पुन्हा पाणी ओतत होती. तिला तिसरी फेरी करायचीच नव्हती, हे तिथं बसलेल्या सगळ्यांना कळत होतं.

शेवटी आल्माझ उठली. आईच्या हातातून सुरई घेतली आणि तिसरी कॉफी तिनं स्वतः ओतली. सगळ्यांना दिली, आईला सगळ्यात शेवटी. मग खाली वाकून आईच्या दोन्ही गुडघ्यांचे मुके घेतले. चार वर्षांची आमची सुजाता दारात उभी राहून "चला, चला" करत होती. मी बॅगा उचलल्या, कारण दुसरं काय करावं ते मला सुचेना.

मी स्वतः त्याच्या बारा वर्षं आधी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कबनुरातून निघालो होतो. आमचे आबा यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते. जॉबर म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा माणूस. मी त्यांच्याच हाताखाली शिकलो आणि ओळखीतून इथिओपियातल्या एका कापड गिरणीत फिटर म्हणून काम मिळालं. निघताना आई रडली. आबा मागाखाली पाठीवर झोपले होते, तेलकट हात बाहेर काढून एवढंच म्हणाले, "पोचलास की फोन कर." माझ्या खिशात दोन वर्षांचा करार होता आणि परत यायचा हक्क माझ्या पासपोर्टवरच छापलेला होता. त्याला हक्क म्हणतात, हेही तेव्हा ठाऊक नव्हतं. तुम्ही जे आपल्या भागातून आखातात, आफ्रिकेत गेलात, तुम्हांला तरी कुठं ठाऊक असतं? आपण जातो ते परत येता येईल हे धरूनच. आल्माझ निघाली ती तसं काही धरून निघाली नव्हती.

दोन वर्षांची बारा झाली. चौथ्या वर्षी आई गेली. मी पोचलो तो अंत्यविधी उरकल्यावर, जलदानविधीच्या दिवशी. सातव्या वर्षी मी आल्माझशी लग्न केलं. गिरणीत ती कापड तपासणाऱ्या विभागाची प्रमुख होती, चाळीस मुली तिच्या हाताखाली. मागाच्या आवाजात माझ्यावर ओरडणारी ती पहिली बाई. तिथल्या नगरपालिकेत सही करून आलो आणि मग आबांना फोन केला. ते म्हणाले, "मला आदी इचारलं न्हाईस," आणि फोन ठेवला. त्यानंतर ते माझी, कामाची, पुढं सुजाताची चौकशी करायचे. आल्माझचं नाव मात्र त्यांनी कधी घेतलं नाही.

गिरणी बंद पडली त्याच सुमारास आबांच्या डोळ्यांनी दगा दिला. डावा पूर्ण गेला, उजव्यातून माणूस ओळखू येण्यापुरतं दिसायचं. मी तिथंच दुसरं काम शोधत होतो. आल्माझ म्हणाली, "माझ्या आईजवळ माझे दोन भाऊ आहेत. तुझ्या वडिलांजवळ कोण आहे?" एवढं बोलून ती पुन्हा कपडे वाळत घालू लागली. ज्या माणसानं पाच वर्षांत आपलं नाव घेतलं नाही त्याच्यासाठी ही बाई आपली आई, भाऊ, भाषा सोडायला निघाली होती. मी तिच्याकडं बघत राहिलो. ओल्या चादरीचं दुसरं टोक धर म्हणून तिला मला दोनदा सांगावं लागलं.

मुंबईला उतरल्यावर पहिल्यांदा कळलं की आमचं तिघांचं घर दोन प्रकारच्या माणसांचं आहे. सुजाताचा जन्म मी वेळेत दूतावासात नोंदवला होता, त्यामुळं ती आणि मी भारतीय. आल्माझ परदेशी. आम्ही दोघं एका रांगेत, ती दुसऱ्या. सुजाता माझा हात सोडून आईकडं पळाली आणि तिथल्या माणसानं तिला परत आणून दिली.

आल्माझकडं भारतीयाची पत्नी म्हणून व्हिसा होता, पण तो आत येण्यापुरता. चौदा दिवसांत नोंदणी करायची आणि राहण्याचा परवाना घ्यायचा. नोकरीला त्या व्हिसावर मनाई. अर्ज ऑनलाइन भरला, तरी कोल्हापूरला पोलिसांच्या परकीय नागरिक कक्षात जावं लागलंच. तिथल्या मॅडमनी सगळे कागद वाचले आणि अडल्या. इथिओपियात आडनाव नसतं. आपलं नाव, वडिलांचं, आजोबांचं. लग्न झालं तरी बाईचं नाव तेच राहतं.

"नवऱ्याचं नाव कुठंच नाही हो ह्यांच्या नावात," मॅडम म्हणाल्या. "दाखला आहे, तो चालेल. पण घरी येऊन चौकशी होईल. आणि घर कुणाच्या नावावर आहे?"

"वडिलांच्या."

"मग त्यांचं पत्र आणा. आमच्या घरी अमुक परदेशी नागरिक राहते, माझी हरकत नाही."

परतीच्या एसटीत आल्माझनं मला विचारलं, "हा सगळा परवाना तुझ्यामुळं आहे. उद्या तुला काही झालं तर मी कोण?" खिडकीतून ऊसतोडीचे ट्रॅक्टर मागं पडत होते. बारा वर्षं मी तिच्या देशात दरवर्षी शिक्के मारून घेत राहिलो, पण असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. माझ्या पाठीशी कबनूर होतं. तिच्या पाठीशी आता मीच होतो फक्त.

पत्र मी टाइप करून आणलं आणि आबांना वाचून दाखवलं. ते खाटेवर बसून ऐकत होते. "ठेव तितं," म्हणाले.

चार दिवस गेले. पत्र कपाटावर तसंच. मी आठवण केली की ते कूस बदलायचे. घरात आल्माझ त्यांना वेळेवर जेवण देत होती, डोळ्यांत औषध घालत होती. ते निमूट मान वर करायचे. बोलणं काही नाही. चौदातले दोनच दिवस उरले तेव्हा माझा तोल गेला. "आबा, तुमचा राग माझ्यावर हाय न्हवं? मग तिला कशाला हाकलताय?"

"कोन हाकलतंय?" आबा एवढ्या मोठ्यानं ओरडले की शेजारच्या काकू दारात आल्या. "त्या कागदात तू काय लिवलंयस? परदेशी नागरिक राहते. हरकत न्हाय. भाडेकरू हाय का ती माझी? नातं कुटं लिवलंयस?"

मी कागद उचलून पुन्हा वाचला. खरंच, नातं कुठंच लिहिलं नव्हतं.

"पेन आन," आबा म्हणाले. कागद उजव्या डोळ्याच्या अगदी जवळ धरून, टाइप केलेल्या ओळींच्या खाली, वाकड्या मोठ्या अक्षरांत त्यांनी लिहिलं: ही माझी सून आहे. घर तिचं आहे. मग सही केली. ओळ खाली घसरत घसरत कागदाच्या कडेपर्यंत गेली होती. दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला मॅडमनी ते पत्र बघितलं, एकदा माझ्याकडं बघितलं आणि फाइलला लावलं.

आल्माझला मी त्या ओळीचा अर्थ सांगितला. तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं आणि ते पत्र मोबाइलमध्ये टिपून आईला पाठवलं.

तीन आठवड्यांनी चौकशीला हवालदार आले. पन्नाशीचे, शांत गृहस्थ. कागद बघितले, शेजारच्या काकूंना विचारलं. मग मला म्हणाले, "तुम्ही जरा भाईर थांबा. बाईंना एकटीला इचारायचं असतंय." नियम बरोबरच होता. परक्या देशात आणलेल्या बाईला नवऱ्यासमोर विचारून काय कळणार? मी ओट्यावर जाऊन बसलो. आबांना नीट दिसत नाही म्हणून त्यांना खाटेवरच राहू दिलं.

"ताई," हवालदार सावकाश, शब्द तोडून म्हणाले, "हितं खुशीनं राहताय न्हवं? कुणाची जबरदस्ती न्हाय न्हवं?"

तोवर एवढं मराठी तिला समजत होतं. मला आतून तिच्या श्वासाचा आवाज आला. एकदम आत ओढलेला, दचकल्यासारखा.

"घाबरू नका," हवालदार म्हणाले. "कोन काय करत न्हाय तुमाला. मारहाण, दमदाटी काय असंल तर सांगा. खुशीनं हाय न्हवं?"

पुन्हा तसाच श्वास, आणखी जोरात.

आत जाऊन सांगावं तर बाहेर थांबायला सांगितलेलं. हवालदारांनी वही उघडल्याचा आवाज आला. आणि मग आबांचा.

"सायेब, लिवू नका. घाबरली न्हाय ती. ती व्हय म्हनाली."

"व्हय कुटं म्हनाल्या? दचकल्या त्या."

"त्येंच्यात व्हय असंच असतंय. श्वास आत घेतला की व्हय. भाकरी दे म्हनून नात मागती, ही असंच करत्या. तिनं हाक मारली तरी असंच. चाळीस वर्षं मागाच्या आवाजावर काम केलंय मी. डोळं गेलं तरी कान हाईत. रोज ऐकतोय की."

हे आबांना मी सांगितलं नव्हतं. आल्माझनंही नाही. इथिओपियातल्या माणसांची ही लकब मला इतकी अंगवळणी पडली होती की ती सांगण्यासारखी गोष्ट आहे हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आणि हा माणूस, तिच्याशी धड दोन वाक्यं न बोललेला, खाटेवर पडल्या पडल्या तिचा एकेक श्वास ऐकत होता. कुठं बिघडलंय, कुठं नीट चाललंय, ते कानानं ओळखत होता. ओट्यावर बसल्या जागी माझे डोळे भरून आले.

हवालदारांचा विश्वास बसेना. त्यांनी मुलीला बोलावलं. "बाळ, तुज्या आईला इचार, मला च्या देनार काय?" सुजातानं विचारलं. आल्माझनं श्वास आत ओढला आणि उठून चहा ठेवला. हवालदार मोठ्यानं हसले. जाताना दारात त्यांनी स्वतः एकदा तसा श्वास घेऊन बघितला आणि त्यांना ठसका लागला.

परवाना आला. त्यावर तिचा फोटो, आमचा पत्ता आणि मुदतीची तारीख. मुदत संपत आली की पुन्हा अर्ज. नोकरी करता येत नाही, तर तिनं गल्ली शिकायला घेतली. ज्वारीचं पीठ आंबवून ती इंजेरा करायची. आबा म्हणायचे, "ही तर आंबोळीच की," आणि आणखी एक मागायचे. काकूंनी तिला मराठी शिकवलं, म्हणजे आमच्या भागातलं खणखणीत मराठी, ज्यात बायकाही 'आलो, गेलो'च म्हणतात. एका वर्षात ती भाजीवाल्याशी असं भांडू लागली की मी लांब उभा राहायचो. तिचं नाव इकडं आलमा झालं. आबा मात्र पूर्ण नाव घ्यायचे, एकेक अक्षर नीट उच्चारून. पाच वर्षांची बाकी राहिली होती ना.

दरम्यान कायमच्या ओसीआय कार्डासाठी अर्ज केला होता. लग्नाचा दाखला अदिस अबाबाहून शिक्के घेऊन यायला, इकडची तपासणी व्हायला दीड वर्ष लागलं. कार्ड पोस्टानं आलं तेव्हा आबांनी ते हातात घेऊन चाचपलं.

"ह्येच्यानं काय हुतंय?"

"आता दरसाली अर्ज नको, आबा. तिला कवाबी भाईर जाता येतंय आनि कवाबी परत येता येतंय. जन्मभर."

आबा आल्माझकडं तोंड करून म्हणाले, "मग जा की आईकडं. तीन वर्सं झाली म्हातारीला बघून. जाऊन ये."

आल्माझ इतक्या दिवसांत पहिल्यांदा आमच्यासमोर रडली. तोवर ती कुठं गेलीच नव्हती. एकदा बाहेर पडलं आणि कुठला कागद अडला तर, ही भीती तिनं मला कधी बोलूनही दाखवली नव्हती.

ती सुजाताला घेऊन दोन महिन्यांसाठी गेली. खरं सांगतो, मला धास्ती वाटत होती. तिकडं आई, भाऊ, ओळखीच्या डोंगरातली हवा. परत का यावं? राहायचा हक्क मिळाला म्हणजे न राहायचाही मिळालाच की. आपण निघालो तेव्हा मागं राहिलेल्यांना असंच वाटलं असणार, हे मला त्या दोन महिन्यांत कळलं. माझ्या आईनं हे चार वर्षं सोसलं आणि ती गेली.

यायच्या दिवशी मी फोन हातात धरून बसलो होतो. विमान उतरल्याची वेळ होऊन गेली. फोन वाजला, पण माझा नाही, आबांचा. त्यांनी चाचपडत उचलला आणि सवयीनं स्पीकर लावला. पलीकडं विमानतळाचा गलबला, सुजाताचा आरडाओरडा, आणि त्यातून आमच्याकडच्या बायका बोलतात तसा तो मोठा, बेधडक आवाज:

"आबा, आलो की मी! मुंबईत हाय. सकाळी घरात."

आबांनी फक्त श्वास आत ओढला.