डायना तिसऱ्यांदा बसली

चौकशीत मी जे लिहून दिलं ते खोटं होतं. कागदाखाली माझी सही आहे. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

मी सैन्यात डॉग हँडलर होतो. सतरा वर्षं नोकरी केली. आता माजलगावकडच्या एका सहकारी साखर कारखान्यावर गेटला सिक्युरिटीत आहे. यंदा ऊस नाही, बॉयलर पेटलाच नाही. उसाच्या गाड्यांऐवजी गेटमधून पाण्याचे टँकर जातात, त्यांचे नंबर मी लिहून घेतो. कुणाच्या कुत्र्याचं काही बिघडलं की लोक मला विचारतात, फौजीला कुत्र्याचं कळतं म्हणून.

मागच्या महिन्यात कारखान्याच्या एका संचालकांनी बंगल्यावर बोलावलं. त्यांचा लॅब्रॅडोर घरून चांगला निघायचा आणि फिरताना दोन-तीनदा पातळ बसायचा. कधी ओकायचा. औषधानं चार दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. मी एकेक विचारत गेलो. फिरायला निघण्याआधी किती वेळ खातो? भरल्या पोटी पळवलं की बिघडतं. वाटेत पाणी कुठं पितो? टँकर भरतात तिथं हिरवं पाणी साचतं, तहानलेलं कुत्रं तेच पितं. चारा छावणीच्या मागं मेल्या जनावरांची हाडं पडतात, ती चघळतो का? फवारणी केलेलं गवत खातो का? ऊन चढल्यावर नेता का? दुसरी कुत्री अंगावर येतात का? भीतीनंही कुत्र्याचं पोट सुटतं. रोजचं खाणं एकदम बदललं का? जंताचं औषध कधी दिलं?

काहीच जुळेना. शेवटचा प्रश्न मी संचालकांना विचारला नाही. कुत्रा फिरवणाऱ्या गड्याकडं, शिवाजीकडं, नुसतं पाहिलं. तो माझ्याच वयाचा माणूस. त्यानं मान खाली घातली. बाहेर आल्यावर म्हणाला, "फाट्यावर दोन-चार भजे घालतो ओ त्याला. लई आशेनं बघतंय. सायबाला सांगू नका."

मी म्हणालो, आत्ता आत जा आणि तूच सांग. तो गेला. साहेबांनी त्याला दोन शिव्या घातल्या आणि उद्यापासून बंद म्हणून सांगितलं. विषय संपला, कुत्राही बरा झाला. संध्याकाळी शिवाजी गेटवर येऊन हसत हे सांगत होता. मी केबिनमध्ये बसून होतो. दोन शिव्या. जास्तीत जास्त हुकलेली रजा. मला एवढ्याचीच भीती वाटली होती.

आमची पोस्ट काश्मीर खोऱ्यात एका रस्त्यावर होती. बटालियनचा नंबर इथं देत नाही. मी आणि माझी डॉग बटालियनला जोडून दिलेलो. डॉग म्हणजे डायना, पिवळसर लॅब्रॅडोर मादी, चार वर्षांची, स्फोटकं हुंगणारी. काम रोड ओपनिंगचं. सैन्याच्या गाड्यांचा कॉन्व्हॉय सुटण्याआधी रस्ता पायी तपासायचा. पुढं डायना, सहा फुटांच्या लीडवर, म्हणजे दोरीवर, मी, दहा पावलं मागं माझा कव्हर. हँडलरची नजर डॉगवर असते, म्हणून आजूबाजूला बघणारा दुसरा माणूस लागतो.

माझा कव्हर नायक दिगंबर. नांदूरघाटाजवळच्या एका वस्तीवरचा. आईबापाच्या मागं उसाच्या फडात वाढलेला, दर दिवाळीनंतर शाळा बुडवून. मी पाटोद्याकडचा. एवढ्या लांब एकाच जिल्ह्याचे दोघं भेटलो, म्हणून तो मला नावानं हाक मारायचा नाही. "काय बे, पाटोदा," म्हणायचा. मी त्याला नांदूर म्हणायचो.

०४३० ला उठायचं. डायनाला ब्रश करायचा, मग तिला मोकळं व्हायला फिरवायचं. तिनं केलेली घाण हँडलरनं डोळ्यांनी बघायची आणि रजिस्टरमध्ये लिहायचं, नॉर्मल किंवा लूज. लूज असेल तर डॉग अनफिट. चोवीस तास काम नाही, आणि सेक्टरच्या डॉक्टरांना रेडिओवर कळवायचं. पोट बिघडलेल्या कुत्र्याचं नाकावर लक्ष राहत नाही, म्हणून हा नियम. खाणं ठरलेलं, मोजलेलं. बाहेरचं काही घातलं तर हँडलरवर चार्ज, म्हणजे शिक्षेची कारवाई.

त्या वर्षी गावाकडं पाऊस झालाच नाही. दूध सोसायटीनं चालवलेल्या छावणीत वडिलांनी बैल बांधले होते. छावणी बंद पडली आणि बैल बाजारात गेले. हरण्या आणि पाखऱ्या. भावानं फोनवर एवढंच सांगितलं की दावण मोकळी झाली. आठ दिवसांवर पोळा होता. माझी रजा मंजूर झालेली, पण पोळ्यानंतरची.

पोळ्याच्या दिवशी १७०० ला मी लंगरमधून, म्हणजे पोस्टच्या स्वयंपाकघरातून, हरभऱ्याची डाळ, गूळ, आटा आणि तूप मागून घेतलं. दिगंबरनं पुरण घोटलं. पोळ्या वाकड्या झाल्या, पण झाल्या. मी डायनाच्या कपाळाला कुंकू लावलं.

दिगंबर म्हणाला, "बैल गेले म्हणून कुत्रीला औताला जुपतो का काय बे?"

"माझ्या म्होरं चालणारं जनावर आता हेच हाय," मी म्हणालो.

तो हसला नाही. त्याच्या घरी कधी बैल नव्हतेच. दुसऱ्याच्या दारचा पोळा बघायला तो जायचा.

आमच्याकडं त्या दिवशी आधी जनावराला घास देतात, माणसं मागून जेवतात. मी डायनाला तूप लावून दोन पोळ्या चारल्या. दिगंबर म्हणाला, "बस कर. तिला पचायचं न्हाई." मी आणखी दोन चारल्या. ती माझा हात चाटत होती. सहा महिन्यांत त्या दिवशी मला पहिल्यांदा घरी असल्यासारखं वाटलं.

सकाळी ०४४० ला तिनं पाण्यासारखं केलं. पाच मिनिटांनी पुन्हा. दिगंबर टाकीजवळ दात घासत होता. त्यानं पाहिलं आणि म्हणाला, "लूज लिव्ह."

मी म्हणालो, लिहिलं तर काय चारलं ते विचारतील. चार्ज लागेल, रजा जाईल. सहा दिवस राहिलेत. घरी वडील मोकळ्या दावणीकडं बघत बसलेत.

त्यानं चूळ भरली. मग म्हणाला, "तुझं तू बघ. मी न्हाई काई पाह्यलं."

मी रजिस्टरमध्ये नॉर्मल लिहिलं. ०५१५ ला आमच्या पार्टीच्या सुभेदार साहेबांनी विचारलं, "डॉग फिट?"

"फिट, साब."

०५४० ला गेटबाहेर पडलो. डायना चालत होती, पण शेपूट खाली होतं. अक्रोडाच्या झाडांजवळ ती पहिल्यांदा बसली. पातळ. मी बुटानं माती सारली. पुढं दोनेकशे मीटरवर पुन्हा. पुन्हा माती. सुभेदार साहेब बाकीच्या पार्टीसोबत मागच्या वळणावर होते. रेडिओ सेट दिगंबरकडं होता. सेटवर आवाज आला, "डॉग बार बार क्यों रुक रहा है? ओवर."

मी मागं वळून दिगंबरकडं पाहिलं. त्यानं उत्तर दिलं, "पेशाब के लिए, साब. ओवर."

तो खोटं बोलला तो माझ्यासाठी. हेही मी चौकशीत सांगितलं नाही.

०६२२ ला आम्ही मोरीपाशी आलो. रस्त्याखालून नाला जायचा, त्यावरची छोटी मोरी, दोन्ही बाजूंना हातभर उंचीचे कठडे. उजव्या कठड्याच्या टोकाला डायना बसली.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, कारण सिव्हिलमधल्या माणसाला ती माहीत नसते. स्फोटकाचा वास आला की डॉग भुंकत नाही, उकरत नाही. बसतो. ताठ, पुढचे पाय जुळवून, नाक त्या जागेकडं. पोट बिघडलेलं कुत्रं बसतं तेव्हा पाठीला बाक येतो, मागचे पाय फाकतात, शेपूट वर उचललं जातं. हा फरक मी स्वतः नवीन हँडलरना शिकवलेला आहे. शंभर मीटरवरूनही कळतो.

मी सहा फुटांवर होतो. डोळ्यांच्या कडेनं तिचं मागचं अंग खाली जाताना दिसलं. साहेब वळण ओलांडून येतच होते. तिसऱ्यांदा पातळ केलेलं त्यांनी पाहिलं तर संपलं, एवढंच डोक्यात होतं. दिसलं नाही असं म्हणणं सोपं आहे. खरं असं की मी बघितलंच नाही, कारण मला बघायचं नव्हतं. मी लीडला हिसका दिला. "चल."

ती उठली नाही. दुसऱ्या हिसक्याला उठली. चालताना दोनदा मागं वळली. दोन्ही वेळा मी ओढली.

मोरीखाली वाकून बघणं हे कव्हरचं ड्रिल. डॉग पुढं गेला म्हणजे जागा मोकळी, असं धरूनच तो पुढं येतो. दिगंबर उजव्या कठड्याशी आला आणि त्यानं गुडघा टेकला.

०६२३.

मी पडलो. उठलो तेव्हा कानात नुसती शिट्टी वाजत होती. लीड हातातून सुटली होती. धूर खाली बसला तर डायना रस्त्याच्या मधोमध, मोरीकडं तोंड करून बसलेली. ताठ, पुढचे पाय जुळवून. मागच्या मांडीतून रक्त येत होतं. तिला तिथून हलवायला दोन माणसं लागली.

हेलिकॉप्टर ०७१० ला आलं. दिगंबर त्याआधीच गेला होता.  मी त्याचा हात धरून होतो, पण त्याला ते कळलं असेल असं मला वाटत नाही.

११०० ला माझी जबानी झाली. कॅप्टन साहेबांनी विचारलं, "डॉग ने इंडिकेट किया था?"

"नहीं, साब."

दोन शब्द. त्यावर डायनाच्या कार्डावर शेरा पडला, फेल्ड टू इंडिकेट, म्हणजे खूण दिली नाही. अशा डॉगच्या भरवशावर पुन्हा कुणी जीव टाकत नाही. जखम भरल्यावर तिला सैन्याच्या डॉग डेपोत पाठवलं. पुन्हा कामावर घेतलं नाही. तीन वर्षांनी तिथल्या केनेलमध्ये ती गेली, असं एका ओळखीच्या हँडलरकडून कळलं. चौकशीत माझ्यावर ठपका आला नाही. रजाही मिळाली.

मृतदेहासोबत एस्कॉर्ट म्हणून मलाच पाठवलं, जिल्हा एक म्हणून. वस्तीवर पोहोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. आजूबाजूची रानं उघडी, काळी. सलामी झाली, अग्नी दिला, पुढारी बोलून गेले. मग दिगंबरचे वडील, सगळे त्यांना आबा म्हणतात, माझ्याजवळ येऊन बसले. फडात कोयता चालवून त्यांची बोटं वाकडी झालेली. हळू आवाजात म्हणाले, "कुत्रं म्होरं व्हतं म्हणं. मग त्यानं कावून न्हाई सांगितलं?"

मी म्हणालो, "जनावर हाय आबा. चुकतं कधी."

तेव्हापासून त्यांनी वस्तीवर कुत्रं राहू दिलेलं नाही. शेजारचं कुत्रं वाट चुकून आलं तरी दगड मारतात. फडावर गेले की दुसऱ्या टोळ्यांची कुत्री हाकलायचे आणि लोकांशी भांडायचे, असं त्यांचा पुतण्या सांगतो. आता वयामुळं फडावर जाणं थांबलंय.

दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिथं जातो. दिगंबरच्या नावाचा सिमेंटचा चौथरा आहे, तो धुतो. मग आबांच्या शेजारी बसून भाकरी खातो. दिगंबरची आई होती तोवर माझ्या ताटात जास्तीचं वाढायची. ती गेली. तिलाही मी सांगितलं नाही.

यंदा गेलतो तेव्हा दारात एक पांढरं पिल्लू आलं. हाडं वर आलेली, दुष्काळातलं. पाणी हुडकत असावं. आबांना आता नीट दिसत नाही, पण चाहूल लागली. त्यांनी काठी उचलली आणि फेकली. ती लागली. पिल्लू ओरडत गेलं. आबा धापा टाकत म्हणाले, "तू हायेस म्हणून सांगतो दादा. माणसावर राग धरला असता तर एक दिवस माफ तरी केलं असतं. कुत्र्याला कसं माफ करायचं?"

माझ्या हातात भाकरी होती. मी ती खाल्ली. संध्याकाळच्या एसटीनं परत आलो. दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपल्यावर हे लिहायला घेतलं.

नायक दिगंबरनं त्या सकाळी आपलं काम बरोबर केलं. डायनानंही केलं. दोघांची नावं मी इथं एकत्र लिहितो, कारण दुसरीकडं कुठं ती तशी लिहिलेली नाहीत. डेपोला आणि रेकॉर्ड ऑफिसला मी पत्र पाठवलं आहे, जबानी खोटी होती म्हणून. पुढं जे होईल ते होईल.

आबांना वाचता येत नाही. हे कागद मला त्यांच्यासमोर बसून वाचून दाखवायचे आहेत. ते अजून राहिलं आहे.