चॅम्पियनच्या डाव्या सीटवरून

चॅम्पियनने माझ्यादेखत पाच वेळा गाडी ठोकली आणि त्यातल्या एकाही वेळी चूक त्याची नव्हती. पहिल्यांदा म्हैस आडवी आली. दुसऱ्यांदा टायरवाल्याने हवा कमी भरली होती. तिसऱ्यांदा सूर्य डोळ्यांवर आला, आणि हा शेताच्या बांधावर उभा राहून सूर्याला आईवरून शिव्या देत होता. चौथ्यांदा ठेकेदाराने वळणच चुकीचं बांधलं होतं. पाचव्यांदा चूक माझी निघाली. मी त्याचा नेव्हिगेटर, म्हणजे रॅलीत डाव्या सीटवर बसून वही वाचणारा. 'लेफ्ट' हा शब्द मी पुरेसा जोरात म्हटला नाही, हे सांगायला तो हॉस्पिटलात आला. माझं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं आणि तो माझ्याच पलंगावर बसून मला आणलेली मोसंबी सोलून खात होता.

चॅम्पियन हे नाव त्याचं त्यानेच ठेवलं होतं. तुर्भ्याच्या गॅरेजात आम्ही पहिल्यांदा भेटलो तेव्हा त्याने एकही शर्यत जिंकलेली नव्हती. हात पुढे करून म्हणाला, "मना सगले चॅम्पियन म्हनतान." मी आजूबाजूला पाहिलं. गॅरेजात मी, तो आणि एक मेकॅनिक, आणि मेकॅनिक मान खाली घालून नट पिळत होता. पुढे मात्र खरंच सगळे म्हणायला लागले, कारण दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारली तर तो ओच देत नसे.

त्याचं घर नेरूळमधल्या सारसोळे गावातलं. वडिलांचा मासळीचा टेंपो होता आणि बर्फ वितळायच्या आत माल बाजारात पोचवायचा, हे याचं शिक्षण. मी नेरूळच्याच एका सोसायटीत राहणारा, कचेरीत नकाशे काढणारा ड्राफ्ट्समन. आमच्या घराण्यात कोणी सायकलसुद्धा जोरात चालवली नव्हती. नकाशा वाचता येतो म्हणून एका मित्राने मला हौशी रॅलीत बसवलं, आणि पस्तिशीत लागलेलं वेड सुटत नाही तसं मला ते लागलं. माझं अक्षर बघून चॅम्पियन मला 'मास्तर' म्हणू लागला. त्याच्या तोंडी तो शब्द आदराचा नव्हता.

राग यायला त्याला फार काही लागत नसे. पाम बीच रोडच्या सिग्नलला मागच्या स्कूटरवालीने हॉर्न दिला, तर हा गाडीतून उतरून तिच्यापर्यंत चालत गेला. "मी कोन हाय, ठाव हाय काय?" ती शांतपणे म्हणाली, "काका, सिग्नल सुटलाय." पुढचा आठवडाभर आम्ही एवढंच ऐकत होतो. "काका म्हनली मना. काका!" रॅलीत राग आला की तो हेल्मेट फेके. टाइमकीपरच्या टेबलावर फेके, झेंडेवाल्याच्या दिशेने फेके. एकदा ते घरंगळत दरीत गेलं आणि पुढची स्टेज, म्हणजे शर्यतीचा पुढचा टप्पा, सुरू व्हायला बारा मिनिटं होती. काट्याकुट्यांतून खाली कोण उतरलं, हे मी सांगायला नको.

माफी मागणं त्याला जमत नसे. दोनतीन दिवसांनी घरी मासळी यायची. बायको दार उघडून पिशवी घेई आणि पिशवीत काय आहे यावरून मला सांगे, "बोंबील आहेत, म्हणजे थोडंच बोललाय तुम्हाला." हाड मोडल्यानंतर आख्खा जिताडा आला होता, बाजारातला महागडा मासा. तो खाताना मला स्वतःचीच लाज वाटली, पण खाल्ला.

आता वहीचं सांगतो, कारण सगळं तिथेच आहे. रॅलीच्या आधी दोन दिवस साध्या गाडीतून हळूहळू त्या रस्त्यावरून जायचं असतं. ड्रायव्हर प्रत्येक वळणाला आकडा सांगतो आणि नेव्हिगेटर तो पेन्सिलीने लिहितो. एक म्हणजे गाडी जेमतेम वळेल इतकं कोंडलेलं वळण, सहा म्हणजे जवळपास सरळ रस्ता, आणि 'फ्लॅट' म्हणजे ब्रेकला पायच लावायचा नाही. संध्याकाळी लॉजवर बसून नेव्हिगेटर ही कच्ची वही पेनाने पक्की करतो. मग शर्यतीत तो हेल्मेटातल्या माइकवरून वाचत राहतो आणि ड्रायव्हर ते ऐकून, पुढचं दिसत नसताना, पूर्ण वेगाने गाडी आत घालतो. वळण तीनचं असेल आणि वहीत पाच असेल, तर दोघंही दरीत जातात.

चॅम्पियनची गंमत अशी, की त्याचा राग आणि त्याचे आकडे एकदमच चढत. सकाळी चहावाल्याशी वाजलं की त्या दिवशी सगळे तीन हे चार होत. दुसऱ्या ड्रायव्हरने काही टोमणा मारला असेल तर चाराचे थेट सहा. एकदा बायकोशी फोनवर भांडत भांडत त्याने मला चौदा किलोमीटर लिहून दिले, आणि त्यात आठ ठिकाणी 'फ्लॅट' होतं. तो सगळा घाट होता. मी विचारलं, "इथे खरंच फ्लॅट?" तर म्हणाला, "रस्ता मना दिसतो. तू नुस्ता लिव." हे त्याचं आवडतं वाक्य होतं.

हाड जुळून आल्यावर मी ठरवलं, की याच्या रागापायी मरायचं नाही. तेव्हापासून पक्की वही करताना मी आकडे खाली आणू लागलो. पाच सांगितलेलं वळण मला चारचं दिसलं असेल तर चार, फ्लॅट म्हटलेलं पाच, आणि घाटातलं फ्लॅट तर सरळ तीन. वळणाची त्रिज्या मला कळायची, आयुष्यभर तेच काढत आलो होतो. पक्की वही त्याने कधी उघडून पाहिली नाही. वाचणं हे कारकुनाचं काम, असं त्याचं ठाम मत होतं, आणि शर्यतीच्या धुरळ्यात परवा आपण कुठे काय म्हटलं होतं हे कोणाच्या लक्षात राहतं?

गाडी ठोकणं थांबलं आणि आम्ही जिंकायला लागलो. सात वर्षांत कपाट भरलं. हे मी मान्य करतो, की वहीत बरोबर आकडा असला तर त्या आकड्याला तो जशी गाडी चालवायचा तशी मी दुसऱ्या कोणाला चालवताना पाहिली नाही. स्टिअरिंगवर त्याचे हात इतके हलके असत, की हाच माणूस दार आपटतो हे खरं वाटत नसे. पण ते हात सोडले तर बाकी सगळा आनंद होता. सारसोळ्यात सत्कार झाला, बँजो पार्टी आली, नाक्यावर त्याचा गॉगलवाला बॅनर लागला. माइक हातात घेऊन तो म्हणाला, "लोक इचारतान, चॅम्पियन, तुला वलान कसा कलतं? मी सांगतो, कलत नाय, दिसतं." मग माझ्याकडे बोट करून, "यो मास्तर नुस्ता वाचतो." लोक हसले. मीही खुर्चीत बसून हसत होतो, आणि माझ्या हसण्याचं कारण फक्त मला माहीत होतं.

त्याला खरं सांगावं असं मला सात वर्षांत एकदाही वाटलं नाही. त्याने हेल्मेट फेकलं असतं हे एक कारण झालं. पण खरं म्हणजे या माणसाला काही सांगून कळेल, हे मी कधी धरलंच नव्हतं. लहान मुलाच्या हातातला चाकू आपण न बोलता काढून घेतो, तसं माझं चाललं होतं. आणि त्यात मला सुखही होतं, हे लपवण्यात आता अर्थ नाही.

मग एका रॅलीत आम्ही थोडक्या सेकंदांनी दुसरे आलो. सगळ्यांसमोर, गाडीतून उतरायच्या आधीच, तो माझ्यावर ओरडला. "तुज्या आवाजान भ्या हाय. तुज्यामुलं माजा ॲक्सिलेटरवरचा पाय उचलतो. उतर." मी उतरलो. या वेळी घरी मासळी आली नाही. पंधरा दिवसांनी कळलं, की माझ्या जागी त्याने बायकोच्या भावाला, विनोदला घेतलं आहे.

विनोद चाळिशीकडे आलेला, दोन मुलांचा बाप, द्रोणागिरीच्या एका गोदामात सुपरवायझर. सरळ माणूस. तो एका रविवारी मिठाईचा पुडा घेऊन माझ्याकडे आला. "सर, भावोजींचा स्वभाव तर तुम्हाला माहितीये. मी नवीन आहे. काय सांभाळायचं तेवढं सांगा." माझ्या मनात अजून ते 'उतर' ताजं होतं. मला वाटलं, जाऊ दे, चॅम्पियनला एकदा स्वतःचे आकडे ऐकू देत. दोनतीन वेळा गाडी शेतात घालेल, तोंडावर आपटेल, मग मास्तरची किंमत कळेल. शेताच्या पुढे माझा विचारच गेला नाही. मी विनोदला म्हणालो, "सोपं आहे. तो सांगेल तेच लिही आणि तेच वाच." त्याने मान डोलावली. जाताना तो माझ्या पाया पडला.

पहिल्याच रॅलीत, तिसऱ्या स्टेजला, गाडी वळणावरून सरळ बाहेर गेली आणि डाव्या बाजूने झाडावर आदळली. डावी बाजू म्हणजे विनोदची. त्याच्या पायाची तीन ऑपरेशनं झाली. चॅम्पियनला खरचटलंही नाही. गाडीतून बाहेर पडल्या पडल्या तो सवयीने ओरडला, "नोट चुकीची वाचली!" आणि ते दहा जणांनी ऐकलं. चौकशी समितीचे लोक हॉस्पिटलात आले तेव्हा विनोदने बहिणीच्या नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "हो, मीच चुकीचं वाचलं." समितीने त्याच्यावर बंदी घातली, आणि गॅरेजांमधून त्याचं नाव झालं, स्वतःच्या भावोजीला मारायला निघालेला नेव्हिगेटर. गोदामातसुद्धा लोक त्याला विचारायचे, काय रे, डावं-उजवं कळत नाही का? मला हे सगळं कळत होतं. मी गप्प बसलो.

दोन महिन्यांनी चॅम्पियन माझ्या दारात उभा राहिला. सोफ्यावर बसला, पाणी घेतलं नाही. खिशातून विनोदची वही काढून टेबलावर ठेवली. "यो फ्लॅट मीच सांगितलेला. तो बरोबर वाचत होता." मी ते पान उघडून पाहिलं. तो म्हणाला, "मास्तर, मी सात वर्सं असाच सांगत आयलो. तवा का नाय गेलो झाडाव?"

इतक्या वर्षांत त्याने विचारलेला हा पहिला शहाणा प्रश्न. मी उठलो, कपाटातून आमच्या जुन्या वह्या काढल्या, कच्च्या आणि पक्क्या, आणि त्याच्यासमोर जोडीजोडीने मांडल्या. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. या क्षणाची मी फार वाट पाहिली होती. तो एका हाताचं बोट पेन्सिलीच्या आकड्यावर आणि दुसऱ्या हाताचं पेनाच्या आकड्यावर ठेवून ओळ न ओळ उतरत गेला. तासभर तरी लागला असेल. तो भडकेल म्हणून मी टेबलावरची फुलदाणी आधीच उचलून ठेवली होती. तो भडकला नाही.

"कागद घे," तो म्हणाला. "समितीला लिवायचाय. मी सांगतो तसाच लिव, या वक्ताला आकडा खाली आनू नको."

त्या पत्राने विनोदवरची बंदी उठली आणि चॅम्पियनचं रॅलीचं लायसन कायमचं गेलं. आज तो उलव्याला ड्रायव्हिंग स्कूल चालवतो आणि शिकायला आलेल्या बायकामाणसांवर क्लचवरून असा खेकसतो, की निम्मी गिऱ्हाइकं तिसऱ्या दिवशी पळून जातात. माझ्या मनातून तो उतरला होता तो उतरलाच. पत्रातसुद्धा त्याने 'विनोदचा आवाज बारीक हाय, पन चूक त्याची नाय, माजी हाय' असं घातलं, आणि मी ते तसंच लिहिलं.

पण त्यानंतरच्या ओळीशी माझा हात थांबला. तो सांगत होता, "माजा पयला नेव्हिगेटर सात वर्सं माजे आकडे खाली आनून वाचत होता, म्हनून मी जिकलो. त्यानी यो मना कवा सांगितला नाय. विनोद त्याला इचारायला गेला, त्याला पन नाय सांगितला."

मी म्हणालो, "हे कशाला? समितीला याच्याशी काय करायचंय?"

त्याने आवाज चढवला नाही. "येकदा माज्या तोंडाव बोलला असतास त मी तुला मारला असता. म्हयनाभर बोललो नसतो. मंग शिकलो असतो. तू मना शिकन्यासारका समजलासच नाय." मग त्याने विनोदची वही टेबलावरून उचलून खिशात घातली. "लिव."

मी ती ओळ लिहिली, त्याने खाली सही केली, आणि त्याच्या सहीखाली मी माझी केली.