'गाडी' म्हणताना दुखायचं

बसस्थानकावर निवेदन करणाऱ्या त्या बाईला घरीदारी सगळे 'बोलकी' म्हणत. लहानपणापासून तिची जीभ टाळ्याला म्हणून लागली नाही. पण अक्कलदाढ काढली आणि तिचा डावा जबडा कुरकुरायला लागला. 'गाडी' म्हटलं की कानापाशी कट्‌कन वाजायचं, आणि ते माइकवरून सगळ्या फलाटांना ऐकू जायचं. 'बस' म्हटलं तर काहीच नाही.

तिला चैन पडेना. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना ती एकेक शब्द चाचपून बघे. 'काका' म्हटलं की कळ यायची, 'सासूबाई' मात्र अलगद निघायचं.

"बघ आई," नवरा म्हणाला, "हिच्या जबड्यालासुद्धा तुझाच धाक."

"थट्टा पुरे," सासू म्हणाली. "उद्या तिला दवाखान्यात ने."

बोलकी आज-उद्या करत राहिली. डॉक्टरांनी गप्प बसायला सांगितलं तर काय घ्या? त्यापेक्षा तिने शब्दच बदलले. 'गाडी लागली आहे'चं 'बस उभी आहे' झालं. चाललं होतं कसंबसं.

एका दुपारी तिला केबिनच्या काचेतून दिसलं : बस मागे येत होती आणि तिच्यामागे एक म्हातारी वाकून सांडलेलं सामान पिशवीत भरत होती. बोलकीने माइक ओढला. तेवढ्यातही तिचं मन सोपा शब्द शोधायला लागलं. सापडला नाही, तेव्हा ती ओरडली, "थांबा!"

बस थांबली. म्हातारीला काही कळलंही नाही. पण बोलकीचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं.

डॉक्टरीणबाईंनी दाढांवर अंगठे दाबून जबडा जागेवर बसवला. मग म्हणाल्या, "'आ' प्रत्येक शब्दात सारखा उघडत नाही. शेजारी 'स' असला की दात जवळ आणावे लागतात, म्हणून जबडा बेताने उतरतो. 'ग', 'क' जिभेच्या मागच्या भागाने होतात, तिथे जबड्याला मोकळीक मिळते. आणि ओरडलात तर विचारूच नका."

बोलकीने हातानेच खूण केली : म्हणजे माझं बरोबर होतं?

"दुखणं चुकवलंत," त्या म्हणाल्या. "बरं नाही केलंत."

शेक, व्यायाम, मऊ जेवण, सगळं झालं. 'गाडी' पुन्हा न वाजता यायला लागली. कामावर सगळे खूश. हिची तगमग मात्र जाईना.

"अगं, थांबली ना गाडी?" नवरा म्हणाला.

"थांबली. पण मी आधी शब्द शोधत बसले."

"पापणी लवेपर्यंत."

"तेवढ्यात चाक किती फिरतं?"

त्यानंतर केबिनमधल्या खुर्चीत ती फारशी टेकलीच नाही. एखादी गाडी मागे सरकायला लागली, की हातातलं काम टाकून काचेपाशी जायची आणि गाडी उभी राहीपर्यंत माइक सोडायची नाही.