देवदाराची बाटली

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी जेवत होतो. ताटातली भाकरी संपवूनच उठलो. दुःखात मला भूक जास्त लागते असं घरचे म्हणतात, ते खोटं नाही. त्याला आता दीड महिना झाला...

मामांचं गेवराईत अत्तराचं दुकान. नात्यातल्या लग्नात मांडवाच्या दारात उभं राहून पाहुण्यांच्या मनगटाला अत्तर लावायचा मान त्यांचाच. देवदारावर फार जीव. म्हणायचे, "गुलाब, मोगरा म्हंजे पाहुणे. जेवले की निघाले. देवदार घरचा माणूस, सगळ्यात शेवटी जातो." मला शेणातलं अन् चंदनातलं अंतर कळत नसे. "ह्याला नाक चष्म्यापुरतं दिलंय देवानं," हे त्यांनी माझ्या सासऱ्यांसमोर ऐकवलं होतं. ते मी जपून ठेवलं.

पुढं एका तापात मामांचा वासच गेला, अशी कुजबुज झाली. ते कबूल करीनात. कडा गावात एका लग्नात मी आचाऱ्याच्या डब्यातल्या करडईच्या तेलात कापसाचा फाया बुडवला अन् चारचौघांत पुढं केला. "मामा, दोस्तानं हिमाचलातून आणलंय. ओळखा बरं." त्यांनी डोळे मिटले. लई वेळ... "देवदार हाय बे. जुना." मागं पोरी तोंडात ओढणी कोंबून हसत होत्या. मी म्हणालो, "बरोब्बर!" मामा तो फाया कानात खोचून दिवसभर ऐटीत फिरले.

आठवड्यानं त्यांचा फोन. "ती बाटली धाड रे. त्या दिशी जरा वास आल्यागत वाटलं. माझा माल उतरलाय बहुतेक, त्याला वासच येईना." खरं सांगायला तोंड नव्हतं. स्वयंपाकघरातलं तेल बाटलीत भरून धाडलं.

दहाव्याला मामींनी ती बाटली माझ्या हातात दिली. "तुझी हाय. रोज सकाळी हुंगायचे. म्हणायचे, ह्याचा वास आला की समजायचं नाक परत आलं. शेवटी म्हणले, भाच्याचा माल खोटा न्हाई, नाकच मेलंय माझं. दुकान बंद केलं अन् भिंतीकडं तोंड करून पडले ते पडलेच."

"अन् त्यांचा स्वतःचा देवदार?"

"उतरला म्हणून मोरीत ओतला. महिनाभर मोरी घमघमत होती. मी सांगितलं, तर म्हणले, तुला काय कळतंय."

बाटली आता आमच्या ओट्यावर असते. परवा बायकोनं फोडणीला उचलली. मी तिचा हात धरला.

"का हो? करडईचंच तर दिसतंय."

"देवदार आहे," मी म्हणालो.