सुनंदा सायकलवरून पडून गेली नाही

माझी मैत्रीण सुनंदा मेली ती सोफ्यावर. बुधवारी, शाळेतून येऊन चहा पिता पिता.

सायकलवर नाही. डोंगरात नाही. घरात, पंख्याखाली.

हार्ट अटॅक. डॉक्टरने क्लिअर सांगितलं. तिची आईपण याच वयात अशीच गेली होती, आणि त्या माउलीने जन्मात कधी सायकलला हात लावला नव्हता.

तरी अख्ख्या भांडुपला माहितीय की सुनंदा "त्या सायकलच्या नादात" गेली. का, तर कोपराला बँडेज होतं.

त्या बँडेजची गोष्ट मी सांगते. सुनंदा आता सांगू शकत नाही आणि लोक वाट्टेल ते सांगत सुटलेत.

आम्ही चौघी. सगळ्या पन्नाशीच्या आसपास. रविवारी पहाटे सायकली टेम्पोत टाकायच्या आणि मुरबाडच्या पुढे डांबर संपतं तिथे उतरायचं. पुढे नुसती खडी आणि लाल माती. एक डोंगर चढायचा, एक उतरायचा, मध्ये एखादा पाडा लागला तर पाणी मागून प्यायचं. गाडी नाही, हॉर्न नाही. समोरून आलीच तर म्हैस.

हे सगळं सुनंदाने सुरू केलं. शाळेत पोरांना गणित शिकवायची, आम्हाला सायकल. पहिल्याच दिवशी दम दिला होता, खडीच्या उतारावर पुढचा ब्रेक दाबायचा नाही, चाक सरकतं. जी दाबेल तिला मी उचलणार नाही.

आणि त्या रविवारी बाईसाहेबांनी स्वतःच पुढचा ब्रेक दाबला.

कोंबडी आडवी आली म्हणून.

कोंबडी वाचली. सुनंदा खडीवर. कोपर सोललं, ट्रॅकपँट फाटली. आम्ही धापा टाकत पोचलो तर ही उताणी पडून हसतेय. मी मालवणी माणूस, माझं तोंड कुठे आवरतंय. म्हटलं, "आता तुका कोण उचलतला गो?"

तर म्हणते, "थांब गं जरा. आभाळ झकास दिसतंय."

मग उठली, कोपर धुतलं, आणि उरलेला डोंगर आमच्या पुढे चढली. सोमवार, मंगळवार शाळेत शिकवलं. बुधवारी गेली.

बस. तेवढ्यावर आमची वाट लागली.

बिल्डिंगच्या ग्रुपवर "या वयात शोभतं का" सुरू झालं. आमच्यातल्या एकीच्या मुलाने तिची सायकल विकायला काढली. दुसरी विद्या, तिला नवऱ्याने सरळ सांगितलं, आता पुरे. माझ्या घरी कोणी काही बोललं नाही, पण माझं हेल्मेट कुठे गेलं तेही कोणी सांगत नाही.

आणि प्रकाशभाऊजी, म्हणजे सुनंदाचा नवरा, त्यांनी तिची सायकल भंगारवाल्याला द्यायचं ठरवलं.

ती गेली, आणि तिच्या मागोमाग तिचा रविवारपण संपवायला निघाले सगळे.

सिरियसली सांगा. एलबीएस रोड क्रॉस करताना गेली असती ना, तर कोणी आम्हाला चालणं बंद करा म्हणालं नसतं. सोफ्यावर गेली, तर सोफा कोणी भंगारात काढला नाही.

आज बुद्धविहारात तिचं पुण्यानुमोदन होतं, तिच्या आठवणीचा कार्यक्रम. वंदना झाली, मग एकेक जण माईकवर येऊन दोन शब्द बोलत होता. भाऊजींचे मोठे भाऊ उठले. चांगलं बोलले हो, पण शेवटी म्हणाले, सायकलचा हट्ट केला नसता तर सुनंदा आज आपल्यात असती, बाकीच्या भगिनींनी यातून काहीतरी शिकावं. सगळ्यांच्या माना हलल्या. विद्या माझ्या शेजारी होती, तिने मान खाली घातली.

माझं डोकंच सटकलं. उठले आणि माईक घेतला.

बँडेजची खरी गोष्ट सांगितली, कोंबडीसकट. मागे कोणीतरी फिसकन हसलं. मग तिच्या शाळेतल्या टीचर हसायला लागल्या आणि हसता हसता रडायला लागल्या.

मी म्हटलं, "ज्यांना शिकायचंय त्यांनी आपलं बीपी तपासून घ्या. आम्ही रविवारी जाणार."

खाली बसले तेव्हा लक्षात आलं, आम्ही म्हणजे कोण, हे मी कोणाला विचारलंच नव्हतं. विद्या अजून खालीच बघत होती.

बाहेर चपला शोधत होते तर भाऊजी आले. म्हटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. घेऊ ऐकून.

माझ्याकडे न बघता बोलत होते. "पडून आली ना, त्या रात्री मी तिला म्हटलं, बस कर आता. तर म्हणाली, तिकडे डोंगरात माझ्याकडे कोणी काही मागत नाही रे."

माझी एक चप्पल शोधून हातात दिली. "ही घे, मंगल."

मग म्हणाले, भंगारवाल्याला नको म्हणून सांगतो. आणि आत निघून गेले.

मी तिथेच रडले, एक चप्पल पायात, एक हातात. बुधवारपासून रडू आलं नव्हतं. राग येत होता नुसता.

राग अजून आहे. आभाळ बघायला खाली पडावं लागतं आम्हाला, आणि तेवढंही लोकांना बघवत नाही.

हे लिहीत बसलेय तेवढ्यात विद्याचा मेसेज आला.

"टेम्पोत माझ्या सायकलची जागा ठेव. घरी सांगितलंय. विचारलं नाही."

सुनंदा, आम्ही निघतोय गं.

जय भीम.