वाढत्या अंगाच्या बारा चड्ड्या

शारजाशेजारच्या अजमानहून चाचीचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो. "तुझे चाचा गेले रे," एवढंच म्हणाली. दाऊदचाचा, माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, रत्नागिरीकडचे शिंपी. दीड महिना झाला... माझ्या शर्टाची बाही ओढून "कुणी शिवलाय हा? गुन्हेगाराचं नाव सांग!" असं आता कोणी विचारत नाही.

त्यांची एकच हौस होती. एका ब्रिटिश स्क्वॉड्रनच्या, म्हणजे लढाऊ विमानांच्या तुकडीच्या, इतिहासात आपलं नाव यावं. शिंप्याचा आणि लढाऊ विमानांचा संबंध काय म्हणाल, तर होता! साठच्या दशकात चाचा शारजात मशीन टाकून बसले होते. आखातात विमानवाहू जहाज आलं, की त्यावरची विमानं काही दिवस शारजाच्या धावपट्टीवर मुक्कामाला येत. एकदा बारा वैमानिकांनी त्यांच्याकडे पांढऱ्या हाफ पँट शिवायला टाकल्या. चाचांनी मापं घेतली, वयंही विचारली. कोणी एकवीस, कोणी बावीस. "म्हटलं, पोरांचं अंग अजून भरायचंय!" आमच्याकडे मुलांचे ईदचे कपडे पुढच्या दोन ईदींना पुरतील असे शिवतात. चाचांनी राणीच्या आरमाराला तोच न्याय लावला.

तिसऱ्या दिवशी त्यांचा प्रमुख दुकानात हजर, दोन्ही हातांनी चड्डीची कंबर धरून. "दाऊद, व्हॉट इज धिस?"

"साब, लडके अभी बढेंगे ना!"

कोणीतरी इंग्रजीत समजावलं. साहेब हसत सुटला, डोळे पुसायला एक हात सोडला, आणि पुढचं चाचा बायकांसमोर सांगत नसत. जहाज संध्याकाळी निघणार, आत घ्यायला वेळ कुठला? खलास! पोरं पट्टे आवळून गेली.

गेल्या वर्षी माझ्या लेकीने त्या स्क्वॉड्रनचा इतिहास ऑनलाइन मागवला. जाडजूड पुस्तक. कुठलं विमान कधी समुद्रात पडलं, तेसुद्धा त्यात होतं. चाचा अत्तर लावून ऐकायला बसले. लेकीने दोन दिवस शोधलं. "सॉरी चाचा, युअर नेम इज नॉट हिअर." चाचांचा चेहरा एवढासा झाला. मग एक फोटो निघाला. जहाजाच्या डेकवर बारा जण रांगेत, चड्ड्या वाऱ्याने फुगलेल्या. खाली डावीकडून उजवीकडे बारा नावं.

"यल्ला, चल, पेन घे," चाचा मला म्हणाले. "त्याखाली लिही. शिवणारा, दाऊद, शारजा."

"चाचा, छापलेल्या पुस्तकात असं कोणी लिहितं का?"

"का नाही? त्यांनी नाही लिहिलं, तू तर लिही."

"बघू नंतर, इन्शाल्ला," म्हणून मी विषय टाळला. पुस्तक चांगलं नव्वद दिरहमचं, म्हणजे दोन हजार रुपयांचं. खराब होईल म्हणे! काय शहाणा मी...

चाळिसाव्या दिवसाची दुआ झाल्यावर चाचीकडे गेलो. पुस्तक चाचांच्या मशीनवर पडलं होतं, त्या पानात मापाची टेप घातलेली. मी पेन काढलं आणि फोटोखाली लिहिलं, ठळक, दोनदा गिरवून. चाची म्हणाली, "वाचून दाखव." मी वाचलं.

"त्यांना दाखवलं असतंस तर..." ती म्हणाली, आणि चहा टाकायला उठली.